राउटरची फाइल : लिहून ठेवाल तर टिकेल

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आपण गेली तीस-पस्तीस वर्षे सभा-संमेलनांतून ऐकत आलो आहोत. आता त्यात नवल राहिलेले नाही. बँक, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालय, महाविद्यालय, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, यांपैकी काहीही संगणकांच्या जाळ्यावाचून चालत नाही. हे जाळे चालू ठेवण्याच्या नोकरीत आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी आहेत. कोणी आय. टी. आय. अथवा पदविका करून लागले, कोणी पदवीनंतर एखादा अभ्यासक्रम पूर्ण करून लागले. यांतील बरेचजण कंत्राटी आहेत, रात्रपाळी करतात, आणि घराण्यातील या क्षेत्रात आलेली पहिलीच व्यक्ती आहेत. अडचण आली तर विचारायला घरात काका-मामा नाही.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४२ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना, सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. तंत्रज्ञानाच्या दालनात आपला प्रवेश झाला पाहिजे हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आज प्रवेश झाला आहे. पण आत गेल्यावर तेथे पाय रोवून उभे राहायचे, तर कामातील बारकावे माहीत असले पाहिजेत. असा एक बारकावा, राउटर या यंत्रातील कॉन्फिगरेशन फाइल कशी सांभाळावी, हा आम्ही या लेखासाठी निवडला आहे. विषय कोरडा वाटेल, परंतु कित्येकांची नोकरी आणि कित्येक संस्थांचे कामकाज या एका फाइलीवर अवलंबून असते.

राउटर म्हणजे काय?

रेल्वे डाक सेवेत टपालाची छाननी करणारे कर्मचारी असत. पत्रावरील पत्ता व पिनकोड पाहून कोणते पत्र कोणत्या थैलीत टाकायचे ते ठरवणे हे त्यांचे काम. पत्रात काय लिहिले आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. राउटर हे यंत्र नेमके हेच काम करते. संगणकाकडून निघालेली माहिती लहान लहान पाकिटांच्या रूपाने येते, प्रत्येक पाकिटावर आकड्यांत पत्ता असतो, आणि राउटर तो पत्ता पाहून पाकीट योग्य तारेवर पुढे पाठवतो. एकाच इमारतीतील संगणकांना एकमेकांशी जोडणारे यंत्र म्हणजे स्विच, आणि कोणाला आत सोडायचे, कोणाला नाही हे पाहणारा दारावरचा पहारेकरी म्हणजे फायरवॉल.

एकाच नमुन्याची दोन नवी यंत्रे खोक्यातून काढली तर त्यांत काहीच फरक नसतो. एक रुग्णालयात बसवले व दुसरे बँकेत, की मात्र दोघांची कामे वेगळी होतात. हा फरक ज्या मजकुराने पडतो त्याला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. यंत्राचे नाव काय, कोणत्या जोडणीला कोणता पत्ता, कोणत्या गावाला जाणारी पाकिटे कोणत्या वाटेने पाठवायची, कोणाला मज्जाव करायचा, आत शिरण्याचे संकेतशब्द कोणते, हे सर्व त्या फाइलीत ओळीने लिहिलेले असते. तो साधा, वाचता येण्याजोगा मजकूर असतो. लहान कार्यालयाची फाइल शे-दोनशे ओळींची, मोठ्या संस्थेची काही हजार ओळींची. यंत्र जळाले तर दुसरे विकत घेता येते. वर्षानुवर्षे एकेक ओळ जोडून तयार झालेला हा मजकूर मात्र बाजारात मिळत नाही.

चार प्रकारची स्मृती

या क्षेत्रात सिस्को या कंपनीची यंत्रे फार मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. १९८४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने ती स्थापन केली. तिच्या यंत्रांची आज्ञाभाषा इतर अनेक कंपन्यांनीही थोड्याफार फरकाने उचलली आहे. म्हणून आम्ही तिचेच उदाहरण घेतो. आज्ञा यंत्राला रोमन लिपीतच द्याव्या लागतात, येथे वाचकांच्या सोयीसाठी त्या देवनागरीत देत आहोत.

सिस्कोच्या राउटरमध्ये चार प्रकारची स्मृती असते. पहिली रॉम. यंत्र सुरू होताना सर्वप्रथम काय करायचे, एवढेच तिच्यात असते. दुसरी फ्लॅश. यंत्र चालवणारी आय. ओ. एस. नावाची मुख्य प्रणाली येथे राहते. तिसरी एनव्हीरॅम. वीज गेली तरी हिच्यातील मजकूर पुसला जात नाही. येथे स्टार्टअप-कॉन्फिग, म्हणजे यंत्र सुरू होताना वाचायची फाइल असते. चौथी रॅम. हिच्यात रनिंग-कॉन्फिग, म्हणजे या क्षणी यंत्र जिच्याप्रमाणे वागत आहे ती फाइल असते. वीज गेली की रॅम कोरी. अनित्यता कशी असते हे ज्याला पाहायचे असेल त्याने रॅमकडे पाहावे.

यंत्र सुरू झाले की स्टार्टअप-कॉन्फिग वाचून तिची नक्कल रॅममध्ये केली जाते. त्या क्षणी दोन्ही फाइली सारख्या असतात. पुढे आपण काही बदल केला की तो फक्त रनिंग-कॉन्फिगमध्ये होतो. बदल लगेच लागू होतो, जाळे हवे तसे चालू लागते, आणि काम झाले असे वाटते. पण ते फक्त रॅममध्ये झालेले असते. कायम नोंद होण्यासाठी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही आज्ञा द्यावी लागते. जुने लोक तिच्याऐवजी 'राइट मेमरी' ही छोटी आज्ञा वापरतात. अर्थ एकच.

ही एक ओळ द्यायची राहिली तर काय होते? त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. राउटर महिनोन् महिने बंद न होता चालतो. मग एखाद्या पावसाळी रात्री वीज जाते, बॅटरी संपते, पहाटे वीज येते आणि राउटर सुरू होतो. तो जुनी फाइल वाचतो. आठ महिन्यांपूर्वी जोडलेला नवा विभाग त्या फाइलीत नाही. सकाळी रुग्णालयाच्या खिडकीवर रांग लागते आणि संगणक काही दाखवत नाही. यंत्र तर धडधाकट दिसते. बदल कोणी केला होता, काय केला होता, हे सांगणारा माणूस कदाचित नोकरी सोडून गेलेला असतो. त्या सकाळी दोष कोणाच्या माथी येतो? जो हजर असतो त्याच्या. आणि हजर असणारा बहुधा सर्वांत कनिष्ठ, कंत्राटी कर्मचारी असतो.

म्हणून पाळीवर येताच 'शो रनिंग-कॉन्फिग' आणि 'शो स्टार्टअप-कॉन्फिग' या दोन आज्ञांनी दोन्ही फाइली पाहाव्यात व त्यांत फरक आहे का ते तपासावे. फरक आढळल्यास वरिष्ठांना लेखी कळवावे. आधीच्या माणसाने न जपलेला बदल आपल्या पाळीत उघड झाला, तर तो आपला नव्हे हे दाखवणारा कागद आपल्या हाती राहतो.

जपण्याची घाईही नको

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. बदल केल्याबरोबर, तो बरोबर आहे की नाही हे न पाहता जपून टाकला, तर चूकही कायमची होते. न जपलेला बदल चुकला तर यंत्र बंद करून चालू केल्यास जुनी, चांगली फाइल परत येते. ही सोय हाताशी ठेवूनच काम करावे.

दूरच्या गावातील राउटरवर येथे बसून काम करताना तर हे फारच उपयोगी पडते. समजा, आपण ज्या वाटेने त्या यंत्रापर्यंत पोहोचलो तीच वाट आपल्या चुकीच्या आज्ञेने बंद झाली. आता यंत्र तिकडे, आपण इकडे, मध्ये दोनशे किलोमीटर. यासाठी जाणकार मंडळी असा क्रम पाळतात. प्रथम सध्याची चांगली फाइल जपून घ्यायची. मग 'रीलोड इन १०' ही आज्ञा द्यायची. तिचा अर्थ, दहा मिनिटांनी तू आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू हो. त्यानंतर बदल करायचा, पण जपायचा नाही. वाट बंद पडली तर दहा मिनिटे थांबायचे. यंत्र स्वतःच पुन्हा सुरू होऊन जुन्या फाइलीवर येते. बदल ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' ही आज्ञा देऊन पुन्हा सुरू होणे रद्द करायचे आणि मग फाइल जपायची. यंत्र पुन्हा सुरू होताना काही मिनिटे सर्वांचेच काम थांबते, म्हणून असे काम परवानगी घेऊन, वर्दळ नसलेल्या वेळी करावे.

जुनिपर या कंपनीच्या यंत्रांत हीच काळजी मुळातच घेतलेली आहे. तेथे बदल आधी कच्च्या मसुद्यात होतात आणि 'कमिट' म्हटल्यावरच लागू होतात. 'कमिट कन्फर्म्ड' म्हटले तर ठरलेल्या मुदतीत, एरवी दहा मिनिटांत, आपण पुन्हा होकार दिला नाही तर यंत्र आपोआप मागच्या मसुद्यावर जाते. आधीच्या फाइलीही ते क्रमाने सांभाळून ठेवते. लहान इंटरनेट पुरवठादारांकडे दिसणाऱ्या मायक्रोटिक यंत्रांत मात्र प्रत्येक बदल तत्काळ जपला जातो. तेथे 'सेफ मोड' लावून काम केल्यास, जोडणी तुटताच त्या बैठकीतील बदल रद्द होतात. यंत्र बदलले की रीत बदलते. म्हणून नव्या ठिकाणी रुजू होताच पहिला प्रश्न हाच विचारावा, की येथे बदल केव्हा लागू होतो आणि केव्हा जपला जातो?

प्रत यंत्राबाहेर हवी

एनव्हीरॅममध्ये फाइल जपली म्हणजे सर्व झाले असे नाही. वीज पडून यंत्रच जळाले तर एनव्हीरॅमही गेली. घराची कागदपत्रे घरातच ठेवली आणि घराला आग लागली, तसा हा प्रकार. म्हणून फाइलीची एक प्रत दुसऱ्या संगणकावर आणि शक्य तर दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

प्रत पाठवण्याची सर्वांत जुनी व सोपी पद्धत टी. एफ. टी. पी. ही होय. तिच्यात संकेतशब्द विचारला जात नाही आणि मजकूर उघडाच जातो. वाटेत कोणी पाहिला तर सर्व वाचता येतो. म्हणून जेथे सोय असेल तेथे मजकूर गुप्त करून पाठवणारी एस. सी. पी. ही पद्धत वापरावी. फाइलीच्या नावात यंत्राचे नाव व तारीख घालावी. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. 'नवी', 'अगदी नवी', 'शेवटची' अशी नावे देऊ नयेत. सहा महिन्यांनी त्यांचा अर्थ कोणालाच लागत नाही.

प्रत परत आणताना एक गोष्ट अनेकांना चकवते. बाहेरील फाइल रनिंग-कॉन्फिगवर आणली की ती जुन्या मजकुराची जागा घेत नाही, त्यात मिसळते. समजा, जुन्या प्रतीत दोन वाटा लिहिल्या आहेत आणि यंत्रात सध्या चुकीची तिसरी वाट आहे. जुनी प्रत आणल्यावर दोन वाटा येतील, पण चुकीची तिसरीही तशीच राहील. संपूर्ण मजकूर बदलायचा असेल तर 'कॉन्फिगर रिप्लेस' ही आज्ञा आहे. दोन्ही फाइलींची तुलना करून ती जास्तीचे काढते व कमी असलेले घालते.

नव्या राउटरवर जुनी प्रत चढवतानाही काही गोष्टी तपासाव्यात. नव्या राउटरच्या जोडण्या मुळात बंद असतात. जोडणी चालू करण्याची 'नो शटडाउन' ही ओळ फाइलीत दाखवली जात नाही, त्यामुळे प्रत रनिंग-कॉन्फिगवर आणल्यावर प्रत्येक जोडणी हाताने चालू करावी लागते. सुरक्षित प्रवेशासाठी लागणाऱ्या गुप्त किल्ल्या या मजकुरात नसतात, त्या नव्याने तयार कराव्या लागतात. स्विचमध्ये विभागांची यादी बहुधा फ्लॅशमधील व्हीलॅन डॉट डॅट या वेगळ्या फाइलीत असते, तिचीही प्रत ठेवावी लागते. म्हणून प्रत घेऊन स्वस्थ बसू नये. वर्षातून एकदा तरी एखाद्या शिल्लक यंत्रावर ती चढवून, त्यावरून काम खरोखर उभे राहते का ते पाहावे.

संकेतशब्द विसरला तर

एखाद्या कार्यालयातील राउटरचा संकेतशब्द कोणालाच ठाऊक नसतो, हा प्रसंग नेहमी येतो. यासाठी यंत्रात कॉन्फिगरेशन रजिस्टर नावाचा एक आकडा असतो. बहुतेक राउटरांत तो शून्य-एक्स-२१०२ असतो. यंत्रासमोर बसून, ते सुरू होत असताना थांबवून, हा आकडा शून्य-एक्स-२१४२ केला, तर यंत्र स्टार्टअप-कॉन्फिग न वाचताच सुरू होते आणि संकेतशब्द विचारत नाही.

या वेळी रनिंग-कॉन्फिग कोरी असते, आणि जुनी मौल्यवान फाइल एनव्हीरॅममध्ये शाबूत असते. सवयीने येथे 'राइट मेमरी' म्हटले तर कोरी फाइल चांगल्या फाइलीवर जाऊन बसते व सर्व नष्ट होते. योग्य क्रम उलटा आहे. आधी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिगवर आणायची, मग नवा संकेतशब्द द्यायचा, जोडण्या चालू करायच्या, रजिस्टरचा आकडा पुन्हा शून्य-एक्स-२१०२ करायचा, आणि शेवटी फाइल जपायची. यावरून आणखी एक गोष्ट कळते. ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती जाळे. म्हणून यंत्राची खोली कुलूपबंद असणे हेही फाइल सांभाळण्यातच मोडते.

फाइलीतील गुपिते

कॉन्फिगरेशन फाइलीत संस्थेची अनेक गुपिते असतात. सिस्कोच्या यंत्रांत 'टाइप ७' म्हणून दिसणारा संकेतशब्द गुप्त वाटतो, पण तो क्षणात उलगडता येतो. शेजाऱ्याने ओझरता पाहू नये, एवढाच त्याचा उपयोग. त्यामानाने 'टाइप ८' व 'टाइप ९' हे प्रकार पुष्कळ भक्कम आहेत. नवे संकेतशब्द त्याच प्रकारांत ठेवावेत.

तेव्हा मदत मागण्यासाठी संपूर्ण फाइल मित्राला फोनवरून पाठवणे, स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवणे, नोकरी सोडताना सोबत नेणे, हे कटाक्षाने टाळावे. मदत हवीच असेल तर संकेतशब्द व पत्ते काढून टाकून, लागतील तेवढ्याच ओळी दाखवाव्यात. पंचशीलातील दुसरे शील, न दिलेले न घेण्याचे, ते येथेही लागू आहे. संस्थेने फाइल सांभाळायला दिली आहे, न्यायला दिलेली नाही.

कोणी, केव्हा, का?

प्रत ठेवण्याइतकेच महत्त्व बदलाच्या नोंदीला आहे. एक साधी वही पुरते. तारीख, वेळ, यंत्राचे नाव, काय बदलले, का बदलले, कोणाच्या सांगण्यावरून, कोणी केले, आणि बिघडल्यास परत कसे जायचे, एवढे रकाने त्यात असावेत. उदाहरणार्थ, '३ मार्च, रात्री ११ वाजून १० मिनिटे, ग्रंथालयाच्या स्विचवर नव्या बारा संगणकांसाठी वेगळा विभाग केला, ग्रंथपालांचे पत्र मिळाल्यावरून.' फाइल पाहून काय आहे ते कळते, का आहे ते कळत नाही. 'का' हे फक्त वहीत असते.

पुढचे काम यंत्राकडूनही करून घेता येते. सिस्कोच्या यंत्रांत 'आर्काइव्ह' ही सोय आहे. फाइल जपली की, किंवा ठरलेल्या मिनिटांनी, ती आपोआप प्रत काढते आणि दोन प्रतींतील फरक दाखवते. अनेक यंत्रे असतील तेथे रॅन्सिड किंवा ऑक्सिडाइज्ड यांसारख्या मोफत प्रणाली ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राची फाइल आणून, कोणती ओळ केव्हा बदलली ते दाखवतात. त्यासाठी सर्व यंत्रांची घड्याळे एन. टी. पी.द्वारे जुळवलेली हवीत, नाहीतर वेळेच्या नोंदी निरुपयोगी ठरतात.

मोठ्या कंपन्यांनाही यातून सुटका नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या केंद्रांना जोडणारे जाळेच तुटले. अशा आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणी प्रणालीतही दोष होता, त्यामुळे ती अडली नाही. पुढच्या वर्षी, ८ जुलै २०२२ रोजी, कॅनडातील रॉजर्स कंपनीचे जाळे कोसळले. राउटरच्या कॉन्फिगरेशनमधील एक गाळणी काढली गेली, वाटांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आला, आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचे फोन व इंटरनेट बंद झाले. कार्डाने पैसे देणे थांबले, तातडीच्या मदतीचे फोन लागेनात. अत्यंत हुशार माणसे, अफाट पैसा, आणि तरीही एका बदलाने एवढा अनर्थ. म्हणून बदल करण्याआधी दुसऱ्या माणसाला तो वाचायला देणे हा कमीपणा मानू नये.

संघाची रीत

बौद्ध वाचकांना ही शिस्त परकी वाटू नये. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे महाकश्यपांच्या अध्यक्षतेखाली पहिली संगीती भरली. आनंदांनी धम्म सांगितला, उपालींनी विनय सांगितला, आणि जमलेल्या भिक्खूंनी तो पडताळून एकमुखाने म्हटला. एकट्याच्या आठवणीवर विसंबायचे नाही, ही रीत तेथे पडली. अमावास्या-पौर्णिमेला उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचे पठण करून आपले आचरण ठरल्याप्रमाणे आहे का हे पाहण्याची पद्धत संघाने आजही राखली आहे.

पुढे कित्येक पिढ्या त्रिपिटक मुखोद्गतच होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, श्रीलंकेत युद्ध व दुष्काळ आला. ज्यांना वचने पाठ होती ते भिक्खूच नाहीसे होऊ लागले, तर धम्मही नाहीसा होईल, ही भीती निर्माण झाली. तेव्हा, परंपरेनुसार मातले जवळील अलुविहार येथे, त्रिपिटक ताडपत्रांवर लिहून काढण्यात आले. भारतातून धम्म जवळजवळ लोपला असतानाही पाली त्रिपिटक टिकले, ते ज्यांनी वेळीच लिहून ठेवले त्यांच्यामुळे. राउटरच्या फाइलीची धम्मवचनांशी बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु माणसाच्या डोक्यात आहे ते माणसाबरोबर जाते, आणि लिहून, पडताळून, दुसऱ्या ठिकाणी ठेवले ते राहते, हा नियम लहान-मोठ्या सर्व गोष्टींना सारखाच लागू आहे.

विहारातील अभ्यासिकेसाठी

आता अनेक विहारांत व समाजमंदिरांत अभ्यासिका आहेत, तेथे संगणक व वाय-फाय आहे. स्पर्धा परीक्षांची मुले त्यावर अर्ज भरतात. तेथील लहान राउटर एखादा हौशी कार्यकर्ता बसवून देतो, आणि त्याची सर्व माहिती फक्त त्यालाच असते. तो बदलीवर गेला, आणि कोणी राउटरच्या मागचे रीसेटचे बटण दाबून धरले, की सर्व पुसले जाते. अर्जाची शेवटची तारीख त्यासाठी थांबत नाही.

म्हणून प्रत्येक मंडळाने तीन गोष्टी कराव्यात. राउटरच्या पानावर बॅकअपची सोय असते, तिने फाइल काढून मंडळाच्या संगणकावर व एका पेन ड्राइव्हवर ठेवावी. इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा ग्राहक क्रमांक, वापरकर्त्याचे नाव व संकेतशब्द, आणि राउटरचा संकेतशब्द कागदावर लिहून, पाकीट बंद करून चिटणीसांच्या कपाटात ठेवावा. आणि कार्यकारिणी बदलताना जमाखर्चाच्या वहीबरोबर हे पाकीटही नव्या चिटणीसांच्या स्वाधीन करून तशी नोंद करावी. सार्वजनिक कामाची गुरुकिल्ली एकाच माणसाच्या खिशात राहणे बरे नव्हे, मग तो माणूस कितीही भला असो.

नोकरीतील तरुण-तरुणींना आमचे सांगणे एवढेच आहे. बदलाआधी प्रत घ्या, तपासून मगच जपा, यंत्राबाहेर प्रत ठेवा, आणि काय केले ते त्याच रात्री लिहा. यातले ज्ञान लपवून ठेवले तर आपले महत्त्व वाढेल, असे काहींना वाटते. वस्तुतः लिहून ठेवणाऱ्यावर संस्था विश्वास टाकते. आणि कधी आळ आलाच, तर बाजू मांडायला कोणी वशिल्याचा माणूस नसला तरी तारीख-वार लिहिलेली वही आपल्या बाजूने बोलते. आपल्यामागून या क्षेत्रात येणाऱ्या धाकट्या भावंडांनाही त्याच वहीतून शिकता येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!